सोनगीरला ठेवलेला पाय

आबांचा डावा पाय गेला तेव्हा मी सहावीत होते. पुढची काही वर्षं आमच्या घरात चूल दोनदा पेटली तर तो दिवस चांगला म्हणायचा. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, कापूस संपला की मिरचीची देठं खुडायला जायची. तिच्या बोटांत इतकं तिखट मुरलेलं असायचं की भाकरी मीच थापायचे. तिच्या हातच्या भाकरीने तोंड भाजायचं. सोनगीरच्या किल्ल्याखाली आमच्या पत्र्याच्या दोन खोल्या. एका खोलीत आबांची खाट आणि खाटेखाली चपलांची रांग. सगळ्या डाव्या पायाच्या, सगळ्या कोऱ्या. दुकानदार एक चप्पल देत नाही, जोड घ्यावा लागतो. उजवी झिजून जायची, डावी तशीच राहायची. माय ती टाकून देत नसे. घर झाडताना मी ती रांग बाहेर काढायचे, परत आत लावायचे, आणि दरवेळी वाटायचं, कुणीतरी आपल्याला न दिसता खाटेखाली ओळीनं उभं आहे.

आबा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ट्रक दुसऱ्याचा. फैजपूर-यावलकडे माल भरायचा, चोपडा, शिरपूर करत आग्रा रोडला लागायचं, आणि सोनगीरवरून धुळे, पुढे मुंबईकडे. घर रस्त्याला लागून होतं, पण केळी थांबत नाहीत म्हणून आबाही थांबत नसत. माय भाकरीचं गाठोडं घेऊन फाट्यावर उभी राहायची. ट्रक दुसऱ्या गेरवर हळू व्हायचा, माय चार पावलं बरोबर पळायची, गाठोडं खिडकीतून आत भिरकावायची, की आबा हॉर्न देऊन पुढे.

एकदा ते मला शाळेच्या पुस्तकांसाठी धुळ्याला घेऊन गेले. सोनगीर सुटलं, उतार लागला, आणि आबांनी गेर काढून घेतला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायला तेव्हा सगळे ड्रायव्हर असंच करायचे. इतका वेळ केबिनमध्ये कानठळ्या बसत होत्या, त्या एकदम थांबल्या. टनावारी केळी घेऊन ट्रक उतरत होता आणि आवाज फक्त वाऱ्याचा. मला भीती वाटली. मी विचारलं, गाडी कोण चालवतंय आता?

आबा म्हणाले, "उतार."

बस, एवढंच. मग ते हसले. पण मी घरी येईपर्यंत त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पाय गेला त्या दिवशी माय तापाने पडली होती, म्हणून गाठोडं घेऊन मी फाट्यावर गेले. माझा हात खिडकीपर्यंत पोचत नव्हता. आबांनी ते लांबूनच ओळखलं आणि माझ्यासाठी ट्रक थांबवला. उतरणीवरून न्यूट्रलवर आले होते, सवयीने तसाच न्यूट्रलवर ठेवला. हँडब्रेक कधीचा सैल झालेला. खाली उतरले, गाठोडं घेतलं, मायच्या तापाचं विचारलं. मग चाकाखाली लावायला बाजूचा दगड उचलायला वाकले.

मी ट्रककडे तोंड करून उभी होते. केबिन रिकामी होती. ट्रक हलला. अगदी सावकाश, कुणी पाऊल न वाजवता यावं तसा. आणि मी काचेतून स्टिअरिंग पाहिलं. ते थोडं फिरलं, थांबलं, परत फिरलं. रिकाम्या केबिनमध्ये कुणीतरी वळण घेत होतं.

आबा दगड घेऊन चाकाकडे धावले. दगड बसला, ट्रक थांबला. पण डावा पाय चाकाखाली राहिला.

पाय घोट्याच्या वर कापावा लागला. कापलेला पाय घरच्यांच्या ताब्यात देतात, हे मला तेव्हा कळलं. मामाने तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणला. कुठे न्यायचा म्हणून दोन माणसांत थोडी चर्चा झाली, आणि शेवटी फाट्याजवळच्या निंबाखाली पुरला. माणूस जिवंत आणि त्याचा एक अवयव मातीत, त्याचं सुतक धरायचं का, हे कुणालाच सांगता येईना. मायने त्या दिवशी चूल पेटवली नाही, इतकंच.

बरं झाल्यावर आबांनी त्याच फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं. निंबापासून वीस पावलांवर. दुसरी जागा मिळत नव्हती असं ते सांगायचे. शाळा सुटली की मी तिथे अभ्यासाला बसायचे. आबा ट्यूब घासता घासता रस्त्याकडे न पाहता सांगायचे, हा चौथ्यावर ओढतोय, तिसरा टाकायला पाहिजे. एवढ्यात ट्रकचा आवाज बदलायचा, आणि त्या क्षणी आबांच्या डाव्या मांडीचा स्नायू ताठ व्हायचा. दुमडून शिवलेला पँटचा पायचा खाली जमिनीकडे ढकलला जायचा. मी एकदा विचारलं, काय होतं? ते म्हणाले, पाय क्लचवर आहे, त्याला मी काय करू.

इतर कशाबद्दल आबा कुरकुरले नाहीत. माय शेतात जाते, पोरगी भाकऱ्या थापते, सगळं गिळलं. एकाच गोष्टीची त्यांना भूक होती. त्यांना स्टिअरिंगवर बसायचं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, मी बारावी झाले त्या दिवशी, आणि सांगून झाल्यावर लाजल्यासारखे दुसरीकडे बघत बसले.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. धुळ्याच्या कॉलेजातून, रोज एसटीने जाऊन-येऊन. आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांत माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलं नव्हतं. आज मी जळगावला एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीची प्रमुख आहे. रंग उडतो का, धागा तुटतो का, हे मोजल्याशिवाय मी सही करत नाही. हे मी मुद्दाम सांगते. पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बाई अंगारे-धुपाऱ्यांची आहे. मी मोजणारी बाई आहे.

नोकरी लागली तशी आधी आबांना नकली पाय बसवला, मग एक जुनी, दोन हात फिरलेली छोटी गाडी घेतली. शिकवलं आबांनीच. मला क्लच आणि गेर एकदम जमेना. पाय दाबला की हात विसरायचा. आबा डावीकडच्या सीटवर. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि गेरच्या दांड्यावरचा माझा हात बाजूला सारला.

"पाय तुन्हा, हात मन्हा," ते म्हणाले. "तू फक्त दाब."

तसं आम्ही चालवायला लागलो. मी क्लच दाबायचे, ते गेर टाकायचे. दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर. पुढे मला सगळं नीट यायला लागलं, एकटी जळगाव-धुळे करायला लागले, पण आबा शेजारी बसले की दांडा त्यांचा. सात वर्षं हेच. बोलावंही लागायचं नाही. समोर गतिरोधक आला, माझा पाय गेला, त्यांचा हात गेला. माय मागून म्हणायची, तुम्हा दोघांचं लग्नाच्या गाठीसारखं झालंय, सोडवणार कोण.

मग पारोळ्याजवळची ती दुपार आली. मी एकटी सोनगीरला निघाले होते, भर उन्हाची वेळ, रस्ता मोकळा. समोर एक ट्रॅक्टर आला. मी क्लच दाबला आणि गाडी तिसऱ्यावर गेली. ट्रॅक्टर मागे टाकला, क्लच दाबला, गाडी चौथ्यावर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत.

मी गाडी बाजूला घेतली. हातांकडे पाहत बसले. माणूस सवयीने कितीतरी गोष्टी करतो आणि विसरतो, कुलूप लावलं का ते आठवत नाही, तसंच हे, असं मी स्वतःला समजावलं. गाडीत जळका वास येत होता. मला वाटलं बाहेरून येतोय.

घरी पोचले तर माय दारातच वैतागलेली. म्हणाली, तुझ्या बापाने दुपारभर डोकं खाल्लं. खाटेवर पडल्या पडल्या बडबडताहेत, ती अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवते, प्लेट जळेल, तिला सांग. मी म्हटलं, आबा, मी इथे नव्हतेच. आबा म्हणाले, माहीत आहे. आणि मग, जरा थांबून, वास येत होता ना, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने क्लचप्लेट काढून दाखवली. काळी ठिक्कर. गाडीचं वय पाहता त्याने हात जोडले आणि नवीन गाडी बघा म्हणाला.

नवीन गाडी मला साधी नको होती. मायलेज किती देते हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकला, त्याच्यापायी इंजिन बंद करून उतरणीवर सुटलेला ट्रकही पाहिला. मला पळणारी गाडी हवी होती. टर्बो इंजिन, लाल दोऱ्याने शिवलेल्या सीटा, दाबली की पाठीला धक्का देणारी. तशी एक मी हेरून ठेवली होती. ती दोन प्रकारांत मिळत होती, हाताने गेर टाकायची आणि ऑटोमॅटिक.

कारखान्यात सगळ्यांचं एकच मत. स्पोर्टी गाडी म्हणजे गेर हातातच पाहिजे. आमचे शेठजी मारवाडी, तीन पिढ्या जळगावात, जेवणात कांदा-लसूण नाही. ते म्हणाले, "मॅडम, स्पोर्टी गाडी आणि ऑटोमॅटिक म्हणजे शेवभाजी, पण बिगर तिखटाची. ती आमच्या घरात खपते, तुमच्यात नाही." सगळे हसले, मीही हसले. माझंही ठरलेलंच होतं. कारण मात्र वेगळं होतं. ऑटोमॅटिक घेतली की आबांचा हात रिकामा. सात वर्षं त्यांना निदान अर्धी गाडी चालवता येत होती, ती अर्धीही माझ्या हौसेपायी जाणार. ते मी होऊ देणार नव्हते.

तरी दोन्ही चालवून बघ, असं आबाच म्हणाले. शोरूम जळगावातच, हायवेला. सेल्समन तरुण, गळ्यात टाय, तोंडात साखर. तो माझ्या शेजारी बसला, आबांना मागे बसवलं.

आधी गेरवाली घेतली. सुंदर गाडी. छोटा दांडा, मुठीत बसणारा. शोरूमच्या बाहेर पडले, वेग घेतला, क्लच दाबला आणि वाट पाहत राहिले. इंजिन ओरडायला लागलं. सेल्समन घाबरून म्हणाला, "मॅडम, गेर." मी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर आबांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्याची मूठ खाली सरकली होती. त्यांनी गेर टाकला होता. तो फक्त गाडीपर्यंत पोचला नव्हता.

मग ऑटोमॅटिक. सेल्समनने समजावलं, ब्रेक दाबा, दांडा डी-वर आणा, सोडा. मी ब्रेकवरचा पाय उचलला. दुसरं काही दाबलं नव्हतं. आणि गाडी निघाली. सावकाश, पाऊल न वाजवता. मी सहावीतली झाले, हातात गाठोडं, समोर रिकामी केबिन. सेल्समन म्हणत होता, मॅडम, हे असंच असतं, डी-वर असली की आपोआप सरकते. आपोआप हा शब्द त्याने किती आनंदाने उच्चारला.

पुढे रस्त्यात म्हैस आली. माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि पूर्ण ताकदीने ब्रेकच्या रुंद पट्टीवर बसला. गाडी जागच्या जागी गाडल्यासारखी थांबली. सेल्समनची फाईल काचेवर आपटली, मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. सेल्समन कपाळ चोळत हसला. हे सगळ्यांचंच होतं म्हणाला, गेरची सवय असलेला प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच करतो. मग त्याने मागे वळून आबांना त्याचा रोजचा विनोद ऐकवला.

"काका, ऑटोमॅटिकचा एकच नियम. डावा पाय घरी ठेवून यायचं."

त्याला काही माहीत नव्हतं. आबांनी पायात बूट घातले होते, दोन्ही. एसीचा आवाज ऐकू येत होता.

मग आबा म्हणाले, "मन्हा तो सोनगीरलेच ठेयेल शे." माझा सोनगीरलाच ठेवलेला आहे. आणि ते खिडकीबाहेर पाहायला लागले. सेल्समन हसला, कारण त्याला काहीतरी हसायचं आहे असं वाटलं.

मी गेरवाली बुक केली. लाल रंगाची.

सोनगीरला परतताना जुनी गाडी होती, नवी क्लचप्लेट टाकलेली. एरंडोल, पारोळा, धुळे, सगळीकडे आम्ही नेहमीसारखं केलं, पाय माझा, हात त्यांचा. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला. फाट्याआधी वेग कमी करायला मी क्लच दाबला. गेर पडला नाही. वळून पाहिलं तर आबांनी हात दांड्यावरून काढून मांडीवर ठेवला होता. सात वर्षांत पहिल्यांदा. गाडी क्लच दाबलेलीच, सुटी, उतारावरून चालली होती. बाजूने निंब गेला.

"आते हात नको," ते म्हणाले. "माले पाय पाहिजे. ती दुसरी ले."

मी गेर टाकला, स्वतःच्या हाताने. मला राग आला होता. सात वर्षं मी ज्याला त्यांचं सुख समजत होते, ते त्यांनी चहाच्या कपासारखं खाली ठेवलं होतं. राग ओसरायला दोन दिवस लागले. मग मला दिसलं की मी माझ्या कल्पनेतल्या बापासाठी गाडी निवडत होते. खऱ्या बापाने त्या सेल्समनचा विनोद मनात धरला होता. ज्या पायाने जगातले सगळे ड्रायव्हर ऑटोमॅटिकमध्ये चुकतात, तो पाय त्यांच्याकडे नव्हताच.

मी बुकिंग बदललं. शेठजी म्हणाले, बिगर तिखटाची का? मी म्हटलं, हो, पथ्य आहे घरात.

गाडी सोनगीरला आणली त्या दिवशी मायने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी आत बसले. लिंबांवरून गाडी नेण्यासाठी काहीच करावं लागलं नाही. ब्रेक सोडला आणि गाडी स्वतःहून पुढे आली, लिंबं एकेक करून फुटली. माय झटकन मागे सरली आणि तिने शेजारणीच्या लेकराला ओढून घेतलं. तिने तो ट्रक पाहिला नव्हता, ती तापात होती. पण माझ्या तोंडून तिने तो इतक्यांदा ऐकला होता की आता तो तिचाही झाला होता.

"ही बी तशीच शे," ती म्हणाली.

मी तिला पार्किंगचं बटण दाखवलं, गाडी आतून कशी अडकवली जाते ते सांगितलं, हँडब्रेक दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग परसातून एक दगड आणला आणि मागच्या चाकाला लावला. तो दगड आता डिकीत असतो. लाल दोऱ्याच्या सीटा, दोन सायलेन्सर, आणि डिकीत गोणपाटात गुंडाळलेला दगड. गाडी कुठेही उभी केली की माय उतरते आणि आधी तो लावते. जळगावात मॉलच्या पार्किंगमध्येही. मी आता काही म्हणत नाही.

आबांचं जुनं लायसन्स कधीच संपलं होतं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, शिकाऊ परवाना, सगळं पहिल्यापासून. गाडीला लाल एल लावला. धुळ्याला कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात मी त्यांना सुटीच्या दिवशी घेऊन जायचे. पंक्चरच्या दुकानावर लोकांना विषय मिळाला. एक म्हातारा ड्रायव्हर आबांना रोज विचारायचा, काय, कितवीत गेलात? आबा म्हणायचे, बालवाडीत.

जिनिंगच्या आवारात मी पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर बसले. आबांनी नकली पाय सोडून मागच्या सीटवर ठेवला, मायच्या शेजारी. बूट घातलेला. मायने त्याच्यावर पदर टाकला, लहान मूल झोपावं तसा. आबांनी ब्रेक सोडला. गाडी सरकली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त ते म्हणाले, "उतार नही, तरी चालस."

पण खरी गोष्ट परीक्षेनंतरची. आरटीओच्या मैदानावर साहेबांनी त्यांना दोन फेऱ्या मारायला लावल्या, मागे घ्यायला लावली, आणि कागदावर सही केली. लायसन्स हातात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी आबा धुळ्याहून सोनगीरला निघाले. स्टिअरिंगवर ते, शेजारी मी, मागे माय आणि पाय.

समोरच्या पडद्यावर गाडी कितव्या गेरवर आहे तो आकडा दिसतो. मला मोजायची सवय, मी तो बघत होते. दोन, तीन, चार. मग माझं लक्ष खाली गेलं. आबांची डावी मांडी ताठ झाली, पँटचा रिकामा पायचा खाली ढकलला गेला, आणि आकडा पाच झाला. समोर ट्रक आला, वेग कमी झाला. मांडी ताठ, पायचा खाली, आकडा चार. मी पुढचे कितीतरी किलोमीटर हेच पाहिलं. एकदाही आकडा आधी बदलला नाही. दरवेळी आधी पाय, मग गेर.

याचं उत्तर माझ्याकडे आहे. त्या माणसाने आयुष्यभर इंजिन ऐकलं आहे. आवाज चढला की गेर कधी पडणार हे त्याला यंत्राच्या आधी कळतं. हे उत्तर बरोबर आहे आणि मी त्यावर सही करेन. पण गाडीत बसून पाहताना ते उत्तर मला आठवलं नाही. मी माझ्या डाव्या पायाखालची मॅट दाबून धरली होती.

मी म्हटलं, आबा, हिला क्लच नाही.

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "तू म्हनस नही. शे. मी दाबस, मंग गेर पडस."

किल्ला दिसायला लागला, फाटा जवळ आला. तिथे रस्ता जरा खाली जातो. आबांनी अॅक्सिलरेटर सोडला, गाडी हळू झाली, आकडे एकेक उतरत गेले, आणि दरवेळी तो पायचा आधी हलला. निंबासमोर त्यांनी गाडी उभी केली, दांडा पी-वर टाकला, हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केल्यावर तीच जुनी शांतता आली, नुसता वारा. आबांनी मांडीवर हात ठेवला, दुखतंय का बघावं तसा.

"आते सोडा त्यानी," ते म्हणाले. आता त्याने सोडला.

म्हणजे क्लच. बावीस वर्षांनी. माय उतरली, डिकी उघडून दगड काढला आणि चाकाला लावला. रिकाम्या सीटसमोरचं स्टिअरिंग मी बराच वेळ पाहत उभी राहिले. ते हललं नाही.

त्यानंतर पंक्चरच्या दुकानात ट्रक गेला तरी आबांची मांडी ताठ होत नाही. खाटेखालच्या डाव्या चपला मायने एका दुपारी गोणीत भरल्या आणि कुणाला तरी देऊन टाकल्या.

गाडी माझ्या नावावर आहे, लायसन्स आबांच्या. ती ऑटोमॅटिक आहे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि माझे वडील पासष्टाव्या वर्षी, एका पायाने, सोनगीर ते जळगाव गाडी स्वतः चालवत येतात.